दुमडलेला कोपरा

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर शिंक आली आणि कळलं, मोसम आला. चैत्र सरत आला की आमच्या परळच्या चाळीत कॅलेंडर बघावं लागत नाही. गॅलरीत जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या पसरल्या जातात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण शिंकून आपली हजेरी लावतो. पोस्टमनसुद्धा. वर्षाचा मसाला आजही इथे घरोघरी होतो. आता बाजारात पाकिटं मिळतात, पण पाकिटावर भरवसा ठेवणारी माणसं आमच्या मजल्यावर नाहीत.

आमच्या घरात तर मसाला म्हणजे संशयाचा सण. मिरच्या घेताना बाबा दुकानदाराला पोत्याच्या तळातली मूठ काढायला लावतात. वरची मूठ दाखवायची असते, खालची विकायची असते, असं त्यांचं म्हणणं. हळकुंडं मोजून घेतात. आणि लालबागला कांडप गिरणीवर गेलं की यंत्रासमोर स्टूल टाकून बसतात, डोळ्यात तेल घालून. आपल्या मिरच्यांत दुसऱ्याच्या मिरच्या मिसळल्या जातात, हा त्यांचा जुना सिद्धान्त. गिरणीवाला दरवर्षी म्हणतो, "काका, बाहेर बसा, खोकाल." बाबा खोकतात, पण बाहेर बसत नाहीत. घरी आल्यावर मसाला चाळायचा तोही त्यांनीच. शेवटची नजर त्यांची. आई होती तेव्हा म्हणायची, "या माणसाने लग्नातसुद्धा अंतरपाटाखालून पाय बघून घेतले माझे, बाई बदलली तर नाही म्हणून."

बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड त्यांच्या टेबलावर यायचं आणि त्यांनी त्यातले दोष शोधायचे. तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग. जन्मभर माणूस दोषच शोधत बसला तर घरी येऊन तो वेगळं काय करणार? माझी दहावीची गुणपत्रिका त्यांनी उजेडाकडे धरून बघितली होती. मार्क चांगले होते, म्हणून.

त्यांच्याच पोटची मी. मी आकाशातले दोष शोधते.

चार उन्हाळे झाले त्या गोष्टीला. दरवर्षी मिरचीचा पहिला ठसका लागला की तो उन्हाळा परत येतो, आणि मी तो दरवर्षी परत पाठवून देते. या वर्षी नाही पाठवला.

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मसाल्याचं प्रमाण तिच्या हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. धणे किती, दगडफूल किती, काही नाही. बाबा म्हणाले, "करू गो आपण. जीभ आहे ना." मग आम्ही दोघं गॅलरीत बसून देठं खुडायचो. हातांची आग व्हायची, मग खोबरेल लावायचं, परत खुडायचं. माझी संस्था शहराच्या दक्षिण टोकाला. पण त्या महिन्यांत बरंचसं काम घरूनच चालायचं, गॅलरीच्या दाराशी टेबल टाकून. लॅपटॉपच्या कळांवर आजही कुठेतरी एखादं मिरचीचं बी अडकलेलं असेल.

"नक्की करतेस काय तू?" बाबांनी एकदा विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आई असताना हे प्रश्न तिच्या वाटेने यायचे.

मी सांगितलं. फार लांब, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर, एक क्वेसार आहे. क्वेसार म्हणजे एखाद्या दीर्घिकेचा पेटलेला गाभा. मधोमध कृष्णविवर, आणि त्यात पडणारा माल पडता पडता तापून उजळतो. तो एकसारखा जळत नाही, कमी-जास्त होतो. आता आपल्या आणि त्याच्या मध्ये दुसरी एक दीर्घिका नेमकी आडवी आलीय. तिच्या वजनाने त्याचा प्रकाश वाकतो आणि चार वाटांनी आपल्याकडे येतो. म्हणून आपल्याला तो एकच क्वेसार चार ठिकाणी दिसतो, चार ठिपके. वाटा सारख्या नाहीत. एक जवळची, एक लांबची, एक जास्त वजनाच्या जवळून जाणारी. म्हणून क्वेसार उजळला की आधी एका ठिपक्यात दिसतं, काही दिवसांनी दुसऱ्यात, आणखी काही दिवसांनी तिसऱ्यात. तो उशीर आम्ही मोजतो. उशीर कळला आणि मधल्या दीर्घिकेचं वजन कुठे किती आहे ते कळलं, की वाटा खरोखर किती लांब आहेत ते काढता येतं. आणि त्यावरून विश्व किती वेगाने फुगतंय ते.

बाबांनी तीन मिरच्यांची देठं खुडली. मग म्हणाले, "चार ठिपके एकाच्याच मालाचे, हे कशावरून? चार वेगळे असतील."

"चारही तसेच चमकतात. तोच चढ, तोच उतार, फक्त उशिराने."

"शिकवलेले साक्षीदार पण तसंच बोलतात. भोईवाड्याच्या कोर्टात जाऊन बस एक दिवस."

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीसुद्धा विचारलाय, आणि त्याचं उत्तर आहे. पण तो दहावी नापास माणसाने मिरच्या खुडता खुडता विचारला याचा मला आनंद झाला. आमच्या धंद्यात संशयालाच पगार मिळतो. मधल्या दीर्घिकेतला एखादा तारा वाटेत आला तर तो आपली वेगळीच चमक एका ठिपक्यात मिसळतो, दुसऱ्याच्या मिरच्या मिसळाव्यात तशी. वर्षातले काही महिने क्वेसार सूर्याच्या आड जातो, तेव्हा नोंदीच नसतात, आणि नेमकी हवी ती चमक त्या खंडात पडू शकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मधल्या दीर्घिकेच्या वजनाखाली आणखी वजनाची, एकसारखी पसरलेली एक अदृश्य चादर असू शकते. ती असली काय, नसली काय, ठिपके जागचे हलत नाहीत. उत्तर मात्र बदलतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आठवडाभर नीट जेवले नव्हते.

त्यात या आकड्यावरून जगात भांडण. विश्वाच्या बालपणाचा प्रकाश वाचणारे म्हणतात वेग सदुसष्टच्या आसपास. जवळचे तारे एकेक पायरी मोजत जाणारे म्हणतात त्र्याहत्तर. दोन्हीकडे शहाणी माणसं, दोन्हीकडे चोख कामं, आणि दोघं एकमेकांना पाण्यात बघतात. आमची वाट तिसरी, दोघांशी संबंध नसलेली. म्हणून आमच्याकडे सगळ्यांचे डोळे. आमच्या गटाच्या आधीच्या कामाने मोठ्या आकड्याची बाजू घेतली होती. नवा क्वेसार माझ्याकडे होता, पेपरवर पहिलं नाव माझं लागणार होतं. माझी नोकरी तेव्हा कंत्राटी होती. हा पेपर नीट झाला तर कायम होईन, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

म्हणूनच आमच्यात एक रीत आहे. काम चालू असताना उत्तर बघायचं नाही. आलेखावर खरा आकडा येतच नाही. यंत्रालाच सांगून ठेवलेलं असतं की सरासरी वजा कर, मधोमध शून्य दाखव. सगळे निर्णय, कुठली नोंद ठेवायची, कुठली टाकायची, आंधळेपणानेच घ्यायचे. सगळं ठरलं, सगळ्यांनी हो म्हटलं, की मग एक दिवस ठरवून झाकण उघडायचं आणि जे निघेल ते तसंच छापायचं. आवडो न आवडो.

हे ऐकून बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"कोपरा दुमडायचा म्हणजे," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक ताग्याच्या एका टोकाला विणणाऱ्याचा नंबर लिहिलेला असायचा. टेबलावर तागा आला की नंबर पहिला दिसायचा. माणूस ओळखीचा, चाळीतला, भजनातला. बाबांनी नोकरीला लागल्यावर महिन्याभरात तागे आणणाऱ्या गाडीवाल्याला सांगून टाकलं होतं, टोक आत दुमड आणि मगच तागा माझ्या टेबलावर टाक. खुणा करून झाल्या की मग उलगडायचं. खात्यात लोक त्यांना हसायचे. पण त्यांच्या खुणेवर कधी कुणी भांडायला आलं नाही, कारण त्यांना माहीतच नसायचं कुणाचं कापड आहे.

"आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं हां," बाबा म्हणाले. "आपल्या डोळ्यावर आपलाच भरवसा नाही, एवढंच."

त्यानंतरच्या बुधवारी माझा कोपरा उघडा राहिला.

दुपारची वेळ होती, बाबा आत आडवे झाले होते. मी एक साधा आलेख काढला, शेवटच्या तपासणीपैकी एक. तो पडद्यावर आला आणि खालच्या रेषेवर शून्य नव्हतं. आकडा होता. खरा. मी झटकन लॅपटॉप बंद केला, जणू कुणाला उघड्यावर आंघोळ करताना बघितलं. पण बघितलं ते बघितलं. डोळे मिटल्यावर दिसतं ते पुसता येत नाही.

आकडा मधोमध होता. ना सदुसष्ट, ना त्र्याहत्तर. कुणाच्याच कामाचा नाही.

मी ते कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, चुकून झालं, तपासणीचा आलेख, त्यात काय. सरासरी वजा करणारी ओळ कशी कोण जाणे बंद पडली होती, ती मी परत चालू केली. आणि कामाला लागले.

त्या वेळी एक निर्णय अडला होता. चौथ्या ठिपक्याच्या, निरीक्षणाच्या तिसऱ्या हंगामातल्या नोंदी मला आधीपासून खटकत होत्या. त्यात एक फुगवटा होता, बाकी तिघांत तो नव्हता. मधला एखादा तारा आपली चमक मिसळतोय, असा वास येत होता. टाकावा की ठेवावा, दोन महिने माझं ठरत नव्हतं. त्या बुधवारनंतर दोन दिवसांत ठरलं. टाकायचा. कारणं लिहून काढली, चार पानं. पानं चांगली होती, आजही चांगली आहेत. आमच्या गटाच्या प्रमुख नलिनी मॅडमनी वाचून कळवलं, पटलं. जुन्या शून्यावर ठेवून बघितलं, तर हंगाम टाकल्यावर आकृती सरकली होती. आकडा दिसत नव्हता, पण सरकली ती मोठ्या आकड्याच्या बाजूला, एवढं कळत होतं. त्याने काय साधलं ते बाकीच्या कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मला ती कुठून निघाली ते माहीत होतं.

झाकण उघडायला दोन आठवडे होते. त्यातल्या पहिल्या आठ दिवसांत मी स्वतःचा जो पाठलाग केला, तसा पोलीसही कुणाचा करत नसतील. मी तो हंगाम का टाकला? फुगवटा होता म्हणून? फुगवटा तर दोन महिने होता. मग बुधवारनंतरच तो असह्य का झाला? कारणं खरी होती, पण खरी कारणं मी कधी शोधायला बसले? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर हॅलोजन लागला होता. रस्त्यात कुणी "काय, झालं का काम?" विचारलं तरी वाटायचं, याला काहीतरी कळलंय. हिंदमाताजवळ भाजी घेताना मी भाजीवाल्याला तराजू परत धरायला लावला, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही तर बाबांच्या वरचढ निघालात." मला ते लागलं. बाबा दुसऱ्यांवर संशय घेतात. माझा संशय घरात शिरून बसला होता.

आणि गंमत बघा, स्वतःवरच्या संशयात एक सोय असते. तो घेत बसलं की प्रामाणिक असल्यासारखं वाटतं. सांगायला मात्र लागत नाही.

शनिवारी कांडपाचा नंबर लागला. लालबागला भाजलेल्या धण्यांचा आणि मिरचीचा तो दाट वास, यंत्रांचा धबधब आवाज, भिंती लाल, माणसं लाल, पापण्या लाल. बाबा स्टुलावर, नाकाला रुमाल, नजर आमच्या डब्यावर. मी शेजारी उभी. त्या गोंगाटात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून बहुधा मी तिथे बोलले.

"बाबा, माझा नंबर बघून झाला. चुकून. आणि मग मी एक नोंद काढून टाकली."

त्यांनी डब्यावरची नजर काढली. इतक्या वर्षांत मी त्यांना मसाल्यावरून नजर काढताना पहिल्यांदा बघितलं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

गिरणीवाल्याने आमचा मसाला काढून डब्यात भरला, तोही त्यांनी बघितला नाही. बाहेर आल्यावर डबा फुटपाथवर ठेवून ते एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले आणि मला वसंतकाकाची गोष्ट सांगितली.

वसंतकाका बाबांचा धाकटा भाऊ. मला तो लग्नामर्तिकात दिसलेला गावाकडचा अबोल माणूस एवढाच माहीत. तो त्याच मिलमध्ये साच्यावर होता हे माहीत होतं. तिथून का गेला हे कधी कुणी बोललं नव्हतं. गिरणी संपाच्या आधीची गोष्ट. काकाच्या कापडाबद्दल त्याला दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा खराब माल निघाला असता तर साच्यावरून उतरवणार होते. बाबांना हे ठाऊक होतं, पण त्याचा तागा कुठला हे ठाऊक नसायचं, कोपरा दुमडलेला. बाबांची पद्धत अशी की कापड एकदा पुढे ओढत नुसतं बघायचं, आणि मग शेवटच्या टोकाकडून मागे आणत खडूने खुणा करायच्या. त्या दिवशी एक तागा पूर्ण पुढे ओढला आणि शेवटच्या टोकाला, जिथे नंबर कधीच नसतो, तिथे नंबर होता. वसंतचा.

"घाईत कुणी दोन्हीकडे लिहिला असेल," बाबा म्हणाले. "मला वाटलं, आता हात सैल सुटणार माझा. म्हणून मी घट्ट धरला. दुसऱ्या कुणाचं असतं तर तीन-चार खुणा केल्या असत्या. मी सात केल्या."

"सात दोष नव्हते?"

"होते गो. शोधलं की सापडतात. कुठल्या कापडात नसतात?" त्यांनी नाकावरचा रुमाल काढून घडी केली. "नंबर दिसला की माणूस सरळ राहत नाही. एक तर झुकतो, नाहीतर ताठतो. लोक म्हणाले, बघा, सख्ख्या भावाला सोडलं नाही. मी पण तसंच समजायचो बरीच वर्षं. पण मी कापड बघितलंच नव्हतं. मी मला बघत होतो."

काकाला साच्यावरून उतरवलं, बदली कामगार केलं, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच काम. वर्षाच्या आत तो गावाला गेला तो कायमचा. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले असते की मी नंबर बघितलाय, हे कापड दुसऱ्या टेबलावर टाका, तर बस होतं. शेजारी दुसरं टेबल होतं. दहा पावलांवर.

"तुझ्याकडे दुसरं टेबल आहे ना?" त्यांनी विचारलं.

होतं. सोमवारी मी नलिनी मॅडमना फोन केला. मॅडम मूळच्या दादरच्या, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. मी सगळं सांगितलं, बुधवार, आकडा, हंगाम, चार पानं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आणखी कोणी पाहिला?"

"नाही."

"मग यापुढे हा क्वेसार तुझा नाही," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस. वाटेलच म्हणा."

वाटलंच. उघडायचा दिवस रद्द झाला. दोघांना, जे या कामात आधी नव्हते, सगळ्या नोंदी कोऱ्या दिल्या गेल्या, माझी चार पानं न देता. त्यांनी सुरुवातीपासून केलं, त्याला दीड वर्ष लागलं. पेपरवर माझं नाव मधे कुठेतरी आलं. कायम व्हायला मला त्या सोमवारपासून तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत गटातली एकदोन माणसं माझ्याकडे जशी बघायची ते मी विसरलेले नाही. सांगून टाकणाऱ्याचा हेवा कुणी करू नये. सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात, माझं नाही झालं. लोक एक गोष्ट कळली की न कळलेल्या दहा शोधायला लागतात. त्यांचं चूक नाही, आमचा धंदाच तो.

त्या दोघांनी तो हंगाम टाकला नाही. ताऱ्याची चमक वेगळी काढायची दुसरी रीत वापरून ठेवला. त्यांचं उत्तर, नंतर माझंही उघडून बघितलं तेव्हा, माझ्यापासून फार लांब नव्हतं, फक्त त्याच्या आजूबाजूची शंका माझ्यापेक्षा बरीच रुंद होती. म्हणजे मी चुकले होते का? लोक विचारतात. आकडा चुकला नव्हता बहुतेक. पण मला जितकी खात्री होती, तितक्या खात्रीचा मला हक्क नव्हता.

मी मॅडमना फोन केला त्याच संध्याकाळी बाबांनी वसंतकाकाला फोन लावला. स्पीकरवर, कारण त्यांना आता कमी ऐकू येतं. मी मसाल्याच्या बरण्या भरत होते. बाबांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. म्हणाले, "वसंत, तुझो तो तागो. सात खुणा केलंय मी. तीन होते. तुझो नंबर दिसलो माका, म्हणान."

गावाकडे पाठीमागे कोंबड्यांचा आवाज येत होता. काका म्हणाला, "नंबर दिसलो?"

"दुसऱ्या टोकाक होतो. कोणी लिवलो कोण जाणे."

काका अगदी हळू म्हणाला, "दादा, तो मीच लिवलंय. तू बघशीत आणि सोडशीत, म्हणान."

बाबांच्या हातात फोन तसाच राहिला. जन्मभर या माणसाने दुकानदारावर, गिरणीवाल्यावर, कोर्टातल्या साक्षीदारांवर, माझ्या गुणपत्रिकेवर संशय घेतला. हा एक संशय त्याला चाळीस वर्षांत आला नव्हता. आणि तिकडे काका चाळीस वर्षं समजून होता की दादाने ओळखलं, लबाडी पकडली, आणि म्हणून सात खुणा केल्या. दोघं आपापल्या लाजेने गप्प. एकच गोष्ट, दोन वाटांनी निघालेली, आणि पोचायला एवढा उशीर. मी बरणीचं झाकण लावायचं विसरले. नंतर दोघं भाऊ काय बोलले ते मी ऐकलं नाही, गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण दर रविवारी आता फोन असतो, आणि कोकम तिकडूनच येतं.

फोन ठेवून बाबा बाहेर आले. माझ्याकडे न बघता, खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझा नंबर उघडा कसा राहिला मग?"

"सांगितलं ना, चुकून."

"हां," बाबा म्हणाले. "मी पण तेच समजत होतो."

त्या वेळी मला राग आला. एवढं सगळं सांगून, एवढं गमावून, वर हे. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला सवयच लागलीय. पुन्हा तो प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. दर उन्हाळ्यात मिरच्यांबरोबर तो माझा मलाच पडायचा आणि मी तो देठांबरोबर टाकून द्यायचे. आमच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते, कोणी, कधी, कुठली ओळ बदलली. बघायला दोन मिनिटं लागतात. मी चार वर्षं ती दोन मिनिटं काढली नाहीत. आकाशातल्या ठिपक्यांवर, ताऱ्यांवर, न दिसणाऱ्या चादरीवर संशय घ्यायला मला वेळ होता.

पंधरवड्यापूर्वी जिन्यात शिंक आली. वर आले, हातपाय धुतले, आणि ती जुनी नोंद उघडली.

सरासरी वजा करणारी ओळ आपोआप बंद पडली नव्हती. ती बुधवारच्या दोन दिवस आधी, सोमवारी दुपारी बंद केलेली होती. पुढे नाव माझं. शेजारी माझीच टीप, 'तात्पुरतं, नंतर पूर्ववत करणे.' कशासाठी बंद केली ते लिहिलेलं नाही. काहीतरी तपासायचं असेल. तसं आम्ही कधीकधी करतोही, दुसऱ्या खोट्या नोंदींवर, आणि लगेच पूर्ववत करतो. मी केलं नाही. विसरले असेन. किंवा विसरायचं ठरवलं असेल. मी तासभर त्या ओळीकडे बघत बसले, आणि खरं सांगते, मला आठवत नाही. मला आठवावं असं वाटत होतं की नव्हतं, तेही सांगता येत नाही. एवढं मात्र आहे की ताग्याच्या दुसऱ्या टोकाला नंबर माझ्याच अक्षरात होता, आणि मी जेव्हा मॅडमना सगळं सांगितलं म्हणत होते, तेव्हा ते सगळं नव्हतं.

काल मी नलिनी मॅडमना लिहिलं. दिवस, ओळ, टीप, सगळं जोडून. त्या आता निवृत्त झाल्यात, क्वेसारचा पेपर छापून झालाय, माझ्या नोकरीला आता धोका नसावा, निदान तसं वाटतं. उत्तर अजून आलेलं नाही.

मग बाबांना सांगितलं. ते जमिनीवर बसून मसाला चाळत होते, पाय लांब करून, मांडीवर परात. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही.

"मला चाळीस लागली," ते म्हणाले. "तुला चार."

त्यांनी चाळणी उचलून माझ्या हातात दिली.

"तू बघ शेवटचं," म्हणाले. "मला आता दिसत नाही नीट."